आधी फिर्याद, मग बैठक

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या तालुक्यांतल्या गावोगावच्या पंच मंडळींना, देवस्की पंच कमिट्यांना आणि युवक मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले पुष्कळजण मला चेहऱ्याने ओळखतात. कोर्टाच्या बाजूच्या बोळात माझं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान आहे. मराठी, कन्नड, इंग्लिश, तिन्ही टाइप करून मिळतं. वाटणीपत्र, भाडेकरार, नावाच्या दुरुस्तीचं ॲफिडेव्हिट, असली कामं रोजची. आणि वर्षाकाठी पाच-सहा वेळा तुम्ही मंडळी एक वेगळं काम घेऊन येता. सोसायटीतून काढलेला शंभराचा ई-स्टँप असतो, पाठीमागे दोन गाड्या भरून माणसं असतात, आणि त्यांतला सगळ्यात वयस्कर माणूस खुर्ची ओढून म्हणतो, "लिही बाबा, दोन्ही पार्ट्या राजी हाईत."

अपघाताची राजी. मजकूर मला आता पाठ झालाय. "सदर अपघातात कोणाचीही चूक नसून लिहून घेणार यांनी माणुसकीच्या नात्याने दवाखान्याच्या खर्चापोटी रुपये अमुक दिले, ते मला पोचले. यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही व मी कोर्टात दावा करणार नाही." खाली दोन सह्या, चार साक्षीदार. मी पानामागे पन्नास रुपये घेतो.

असा एक कागद मी माझ्या आतेभावासाठी टाइप केला. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून हे पत्र.

२०२२ चा डिसेंबर होता. हा आतेभाव, दादा, धंद्याने गवंडी, वय तेव्हा चौतीस. उद्यमबागेकडचं काम सुटल्यावर साडेसातच्या सुमाराला मोटरसायकलवरून खानापूर रस्त्याने गावाकडे चालला होता. मच्छे सोडल्यावर समोरून उसाची ट्रॉली येत होती, आणि तिला ओव्हरटेक करायला एक कार आपली बाजू सोडून याच्या अंगावर आली. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. गाडी शेजारच्याच गावची. चालवणारा तेवीस वर्षांचा पोरगा, त्याचा मामा आमच्या गावचा जावई. पोरगा पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यानेच दादाला मागच्या सीटवर आडवं घालून दवाखान्यात आणलं.

तिथे कॅज्युअल्टीत विचारलं, "कसं लागलं?" आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "गाडी घसरली." पोराच्या मागे उगाच लचांड नको, एवढाच हेतू. डॉक्टरांनी रजिस्टरात तेच लिहिलं. त्यांनी दुसरं काय लिहावं? पोलीस ठाण्यातून हवालदार आले, त्यांनाही तेच सांगितलं. "तक्रार नाही" असं लिहून घेऊन ते गेले.

चौथ्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक बसली. दादाच्या पायात तोवर रॉड पडला होता, तो दवाखान्यातच. चहा झाला. साठ हजारांपासून सुरू झालेलं बोलणं चाळीसवर येऊन टेकलं. वीस आत्ता, वीस शिमग्याला. एक म्हातारे पंच म्हणाले, "कशाला ओ कोर्ट-बिर्ट? धा वर्सं हेलपाटे. पोरगं बी आपलंच हाय की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी कागद टाइप केला आणि दवाखान्यात घेऊन गेलो. दादाच्या उजव्या हाताला सलाईन होतं. मी खाली पॅड धरलं, त्याने डाव्या हाताने सही केली. ती रेघ सोडून वर चढली, म्हणून साक्षीदाराची सही खाली दाटीवाटीत बसवावी लागली. मला त्या वेळी काळजी वाटली ती कागद वाईट दिसतोय याची.

शिमगा गेला, दुसरे वीस हजार आले नाहीत. पाय पाऊण इंच आखूड राहिला. गवंड्याचा पाय आखूड झाला म्हणजे परांचीवर चढणं संपलं. आता तो जमिनीवरचं काम तेवढं करतो, निम्म्या रोजावर.

ऑगस्टात आम्ही एका वकिलांकडे गेलो. त्यांनी तीन कागद मागितले. एफआयआर नव्हता. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्लिशमध्ये "मोटरसायकल घसरून स्वतः पडला" असं होतं. तिसरा आमचा समझोता. वकील म्हणाले, फिर्याद उशिरा दिली एवढ्या एका कारणाने दावा बुडत नाही, सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलेलं आहे. पण दवाखान्याची पहिली नोंद आणि जखमीची स्वतःची सही, दोन्ही उलट बाजूला गेल्यावर मी कोर्टात उभं राहून काय सांगू? मग तो कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हा टाइप कुणी केला? शब्द न् शब्द समोरच्याच्या सोयीचा आहे." मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसलो.

आता हिशेब सांगतो. मी वकील नाही, हे ढोबळ आहे, पण हे गणित रोज माझ्या मशीनवरून जातं. दादाची कमाई महिना पंधरा हजार धरा. चाळीस वर्षांखालच्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाच्या पुढच्या वाढीसाठी त्यात चाळीस टक्के मिळवतात. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पक्की केली. झाले एकवीस हजार. वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणतात, तो गुणक; एकतीस ते पस्तीस वयाला सोळा, २००९ च्या निकालातल्या तक्त्यातला. झाले चाळीस लाख बत्तीस हजार. कमवायची ताकद चाळीस टक्के गेली असं कोर्टाने मानलं, तर सोळा लाख बारा हजार आठशे. दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोज, सोसलेलं दुखणं हे याच्या वर. कमाईचा कागद नसला तरी कोर्ट एक अंदाजी उत्पन्न धरतं, आणि घर सांभाळणाऱ्या बाईचंही धरतं.

डॉक्टरच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाई बुडाल्याचे टक्के एक नव्हेत, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असावं. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलंय: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची सगळी कमाई जाऊ शकते, कारकुनाची कदाचित काहीच जाणार नाही. म्हणजे गवंड्याच्या पायाची किंमत देवळात बसून ठरवताना त्याचा धंदा काय, हे आधी विचारायला हवं होतं. आम्ही विचारलं ते पोराच्या बापाची ऐपत काय.

आणि खरी मेख इथेच आहे. बापाच्या ऐपतीचा प्रश्नच नव्हता. त्या कारचा विमा चालू होता, पोराकडे लायसन होतं. हे मला पुढे सहा-सात महिन्यांनी कळलं. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे तो याच दिवसासाठी. दावा लागला तर पैसे कंपनी भरते. आम्ही ज्या घराला वाचवलं, त्यांच्या खिशातून नुकसानभरपाईचा एक रुपया जाणार नव्हता. उलट आमच्या राजीमुळे वीस हजार गेले. वाचली ती विमा कंपनी, आणि ती तर बैठकीला आलेलीसुद्धा नव्हती!

तुम्ही म्हणाल, पैशाचं ठीक आहे, पण पोरावर केस झाली असती. झाली असती. तर शिक्षा काय, तेही बघू, कारण बैठकीत "आत घालतील" एवढंच ऐकू येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं कलम २८१: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात कुणाचं हाड मोडलं तर कलम १२५: तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने माणूस मेला तर १०६: पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड; जुन्या कायद्यात ही दोन वर्षं होती. धडक देऊन, कुणाला न कळवता पळून गेल्यास दहा वर्षं, असं एक पोटकलम आहे खरं, पण ट्रकवाल्यांच्या संपानंतर संहिता लागू करताना तेवढं बाजूला ठेवलं गेलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४: पहिल्या वेळी सहा महिने ते वर्षभर कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही. दारू पिऊन चालवली तर १८५: सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजार किंवा दोन्ही.

त्या पोरासारखा, जखमीला स्वतः दवाखान्यात आणणारा माणूस कायद्याच्या नजरेत आधीच बऱ्या बाजूला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ नेमकं तेच सांगतं: जखमीला दवाखान्यात पोचव, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांत खबर दे. त्याने अर्धं केलं होतं. उरलेलं अर्धं आपण सगळ्यांनी मिळून त्याला करू दिलं नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या अधिकाराबाहेरची आहे आणि ती स्पष्ट बोलतो. मृत्यूचा गुन्हा आपसांत मिटत नाही. न्याय संहितेची कलम १०६ आणि २८१ ही दोन्ही तडजोडीच्या यादीतच नाहीत. तुम्ही कितीही स्टँप आणा, त्या कागदाला गुन्ह्यापुरती किंमत नाही.

मग पंच एवढी घाई का करतात? माझ्या अनुभवाने, निम्म्या वेळा कारण वेगळंच असतं. गाडीचा विमा संपलेला असतो, किंवा चालवणारा दहावीतला पोरगा असतो. मग पोराच्या जागी लायसनवाला चुलता ड्रायव्हर म्हणून उभा करायचं ठरतं. हे मी दोनदा माझ्याच काउंटरपाशी ऐकलंय. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. भीती खरी आहे, कबूल. पण खोटा ड्रायव्हर उभा करून ती जात नाही, वर पोलिसांना खोटी माहिती दिल्याचा गुन्हा चढतो, आणि साक्षीदार म्हणून सह्या तुमच्या असतात. लायसन नसलं तरी पुष्कळदा कोर्ट कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमाच नसला तर मात्र मालकाच्या डोक्यावर येतं. तिथे बोलणी करायला जागा आहे, पण तीही फिर्यादीनंतर.

आता ट्रॉल्या. दिवाळी झाली की आपल्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर काय चाललेलं असतं ते तुम्ही जाणता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. फार तर एखाद्या शहाण्याने रिकामं पोतं बांधलेलं. टायर फुटला की तिथेच रस्त्यात उभी, चाकाला दोन दगड. मागून मोटरसायकलवाला आपटतो, आणि बैठकीत पहिलं वाक्य येतं: "मागनं धडकला म्हंजे चूक त्याचीच." कायदा एवढ्यावर थांबत नाही. अंधारात खुणेशिवाय गाडी उभी ठेवणं हाही निष्काळजीपणा आहे, आणि कोर्ट दोघांत चूक वाटतं, तीस-सत्तर म्हणा, पन्नास-पन्नास म्हणा. जखमीच्या वाट्याची चूक वजा करून बाकीचे पैसे मिळतात. आपण मात्र शंभर टक्के त्याच्याच माथी मारून मोकळे होतो, कारण ट्रॉली गावातल्याच कुणाची तरी असते.

त्याच ट्रॉलीत वर बसून गेलेल्यांचं प्रकरण आणखी अवघड. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना आपण टेम्पोच्या हौद्यात सतरंजी अंथरून आयाबायांना बसवतो. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गाडी कलंडली तर कंपनी हाच मुद्दा काढते, आणि तो चालतोही. यात्रेच्या आधीच्या बैठकीत वर्गणीबरोबर हा विषयही घ्या. सगळ्यांनी मिळून बस ठरवली तर माणशी फरक फार पडत नाही.

सीमाभागाची म्हणून जी अडचण आहे, तिच्याकडे येतो. बाचीपर्यंत कर्नाटक, शिनोळीपासून महाराष्ट्र. आपली शेकडो माणसं रोज कामाला शिनोळीच्या कारखान्यांत जातात. तिकडे धडक बसली की लोक हातच टेकतात: पोलीस चंदगडचे, दवाखाना बेळगावचा, गाडी तिसऱ्याच पासिंगची, दावा कुठे लावणार? उत्तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी जिथे राहतो वा धंदा करतो तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, निवड जखमीची. शिनोळीला पाय मोडलेला उचगावचा माणूस बेळगावात दावा लावू शकतो. आणि आपल्या हद्दीत जखमी झालेला चंदगडचा माणूस त्याच्या कोल्हापूर जिल्ह्यात लावू शकतो. अपील आलं तर आपलं धारवाडच्या खंडपीठात, त्यांचं आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे; ते १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्याआधी त्यांना मुंबई गाठावी लागे. फिर्यादीचंही तसंच. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. हद्द कुठलीही असो, ठाण्याने शून्य क्रमांकाने एफआयआर घेऊन पुढे पाठवायचा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

दुसरी अडचण भाषेची. एफआयआर कन्नडमध्ये, महजर म्हणजे पंचनामा, तोही कन्नडमध्ये. आपला माणूस न वाचता सही ठोकतो आणि घरी येऊन म्हणतो, काय लिहिलंय देव जाणे. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे, हा त्याच कलमातला हक्क आहे. तक्रारीचा अर्ज मराठीतही देता येतो. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा अधिकार घटनेच्या कलम ३५० ने दिलाय. पण वाद घालण्यापेक्षा सोपी वाट सांगतो. कन्नड वाचणारी पोरंपोरी आता घरटी एक आहे. ठाण्यात जाताना पंचांची फौज नेण्याऐवजी त्यांतल्या एकाला न्या. गाडी नंबर, वेळ, कुठल्या बाजूने आली, एवढं त्याने वाचून बघितलं तरी निम्मं काम झालं.

पोलिसांनाही याच पत्रातून एक विनंती. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पहिला अहवाल ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो, आणि दहा दिवसांत जखमीच्या हातात त्याचे हक्क सांगणारा फॉर्म क्रमांक दोन. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत इतके अपघाताचे गठ्ठे झेरॉक्सला आले, तो फॉर्म एकदाही आला नाही. तो द्या, आणि आपल्या भागात मराठीतही द्या.

गाडीचा पत्ताच नसेल तरी दार बंद नाही. धडक देऊन पळालेल्या आणि न सापडलेल्या गाडीसाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज महसूल खात्याकडे, प्रांत किंवा तहसील कचेरीत. महिनाभरात गाडी सापडली नाही तर ठाण्याने जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. यालाही एफआयआर लागतो.

५ मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, नेमून दिलेल्या दवाखान्यांत. फोन ११२. त्यातही अपघात झाल्याची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते. पोलिसांपासून लपवलं की हेही गेलं. बैठकीत दवाखान्याच्या खर्चावरून जी घासाघीस चालते, तिचा निम्मा विषयच या एका फोनने संपला असता. दादाच्या वेळी ही योजना नव्हती, आता आहे. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस साक्षीत गुंतवतील ही भीतीही सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं, आणि गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्यासाठी पंचवीस हजारांचं बक्षीस आहे.

मुदतीचं सांगायलाच हवं. दावा सहा महिन्यांत लावायचा, ही अट १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली. तिला आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या नोव्हेंबरात दिला. पण अंतरिम तो अंतरिमच. शिमग्याच्या वायद्यावर थांबाल तर आमच्यासारखे ऑगस्टात उगवाल. चूक कुणाची हे सिद्ध करत बसायची तयारी नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली चुकीचा प्रश्न न काढता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. ते घेतले की १६६ चा मोठा दावा सोडावा लागतो, म्हणून आधी वकिलाला विचारा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकार आहे, फोन १५१००. बाईला, मुलाला, अपंगाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर "टक्क्यावर केस करून देतो" म्हणत फिरणारे जे असतात, त्यांच्यापासून मात्र चार हात लांब.

राहता राहिली राजी. तिचा मी शत्रू नाही. दावा लावल्यावर लोक अदालतीत बसून विमा कंपनीशीच राजी करता येते. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा, आणि त्यावर अपील नाही, म्हणून आकडा नीट तोलून घ्यावा लागतो. तुमचं वजन तिथे वापरा. आणि अपघाताच्या रात्री वापरा: ज्याने पाहिलं त्याला ठाण्यात उभं करा, गाडीचा आणि नंबराचा मोबाइलवर फोटो घ्या, दवाखान्यात "कसं लागलं?" विचारल्यावर खरं सांगायला एक शहाणा माणूस तिथे थांबवा. गावात तुमचा शब्द चालतो, म्हणूनच हे तुम्हाला लिहितोय. एका म्हाताऱ्या पंचाच्या एका वाक्यावर आमच्या घराने सही केली होती.

त्या पोराबद्दल राग नाही. परवा तो दुकानात आला होता, पोरीच्या शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्सला. "दादाचं कसं हाय?" म्हणाला. मी म्हटलं, बरं आहे. सुट्टे नव्हते, त्याने दहाची नोट ठेवली आणि बाकीचे राहू द्या म्हणाला.

अपघाताच्या राजीचा कागद मी आता टाइप करत नाही. गेल्या महिन्यात एका गावची मंडळी आली होती, स्टँप घेऊन. मी विचारलं, एफआयआर नंबर काय? ते एकमेकांकडे बघायला लागले, मग पलीकडच्या दुकानात गेले. तिथे टाइप झाला असणार. म्हणून हे पत्र छापून काढलंय, शंभर प्रती. ज्या गावाला हव्यात त्यांनी घेऊन जाव्यात, याचे पैसे नाहीत. पुढच्या बैठकीला बोलावलंत तर मीही येईन, दादाला बरोबर घेऊन. देवळाच्या पायऱ्या त्याला सावकाश चढाव्या लागतात, तेवढं थांबावं लागेल.

आपला,
कोर्टाजवळचा टायपिंगवाला
बेळगाव